साठ वर्षे पेटीत राहिलेली लाल वही

गोल्फ शिकवणाऱ्या एका गुरुजींची गोष्ट, धानवाल्यांसाठी

शेतकरी बंधूंनो, या पानावर एरवी खोडकिडा, तुडतुडे, पऱ्ह्यांची लागवड असे विषय असतात. आज विषय जरा वेगळा आहे, गोल्फचा. तुम्ही म्हणाल, साहेब, आसगावच्या चौरास भागात धान, हरभरा, मिरची पिकते, इथे गोल्फ कुठून आणला? पण थोडे थांबा. हा लेख खेळापेक्षा शिकवण्याबद्दल जास्त आहे. आणि शिकवणे हा आमचा, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या कृषी खात्याच्या माणसांचा धंदाच आहे. तुमचाही आहे. पोराला पहिल्यांदा चिखलणीला उभे करता, तेव्हा तुम्ही गुरुजीच असता.

आधी खेळ समजून घेऊ. मोठे हिरवे मैदान असते, चांगले दीडशे एकराच्या घरातले. त्यात अठरा ठिकाणी लहान भोके असतात. लिंबाएवढा पांढरा चेंडू काठीने मारत मारत त्या भोकात घालायचा. ज्याला सर्वांत कमी फटके लागले तो जिंकला. काठ्या वेगवेगळ्या, लांबच्या फटक्याला वेगळी, जवळच्याला वेगळी. पिशवीत चौदापेक्षा जास्त काठ्या ठेवायच्या नाहीत असा नियम. ती पिशवी खांद्यावर घेऊन खेळाडूच्या मागे चालणाऱ्याला कॅडी म्हणतात. आणि मैदानावर जे गवत मुलासारखे जपतात, ते उष्ण मुलखात बहुतेक ठिकाणी कोणते असते? आपली हरळी! जिला आपण बांधावरून खणून खणून थकतो, तिलाच तिथे पाणी, खत आणि कापणी मिळते. तण आणि पीक यांतला फरक जागेचा असतो, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडे हा खेळ साहेबलोकांचा समजला जातो, आणि ते फारसे खोटेही नाही. कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा, म्हणजे इंग्रजांच्या अमदानीतला. पण याच खेळात गरिबाची पोरेही पुढे आली. अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता. त्याने १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. शिवशंकर प्रसाद चौरसियाचे वडील कोलकात्याच्या क्लबात गवत राखायच्या कामावर होते. पोरगा बघून बघून शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. आपल्या पुण्याचा उदयन माने २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. त्याच ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक या मुलीचे पदक थोडक्यात हुकले, ती चौथी आली. तेव्हा खेळ अगदीच परका राहिलेला नाही.

आज सांगायची गोष्ट मात्र अमेरिकेतल्या हार्वे पेनिक यांची आहे. खेळाडू बरेच झाले. पण खेळाडू असून आयुष्यभर गुरुजी राहिलेला, आणि त्यातच धन्यता मानणारा माणूस विरळा.

आठव्या वर्षी पिशवी खांद्यावर

पेनिक यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०४ चा, टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन गावचा. टेक्सास म्हणजे कापूस आणि गुराढोरांचा मुलूख. वयाच्या आठव्या वर्षी हा पोरगा ऑस्टिन कंट्री क्लबच्या मैदानावर कॅडी म्हणून लागला. दुसऱ्याची पिशवी वाहायची, दुसऱ्याचा चेंडू शोधायचा आणि बघत राहायचे. कोण कसा उभा राहतो, कोणाची काठी कुठे अडते, कोण रागावल्यावर वाकडे मारतो. शाळेत जे मिळत नाही ते त्याला तिथे मिळाले.

१९२३ साली, विशीच्या आतच, त्याच क्लबने त्यांना मुख्य व्यावसायिक म्हणून नेमले. व्यावसायिक म्हणजे पगारी खेळाडू. क्लबच्या सभासदांना शिकवायचे, दुकान सांभाळायचे, काठ्या दुरुस्त करायच्या आणि जमेल तेव्हा स्पर्धाही खेळायच्या. ही नोकरी त्यांनी १९७१ पर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे केली. नंतर मुलगा टिन्सली त्या जागेवर आला, तरी म्हातारपणी हे तिथेच शिकवत राहिले. एकाच गावात, एकाच क्लबात जन्म गेला.

तरुणपणी त्यांनाही मोठा खेळाडू व्हायचे होते. स्पर्धांना जात होते. एकदा ह्यूस्टनच्या स्पर्धेत सॅम स्नीड नावाच्या नव्या खेळाडूला त्यांनी चेंडू मारताना पाहिले. तो फटका बघून, त्याचा नुसता आवाज ऐकून, पेनिक यांनी मनाशी हिशेब केला की आपण कितीही घासले तरी हे आपल्या हातून व्हायचे नाही. आपला हात शिकवण्यात आहे. ते घरी आले आणि शिकवण्यात रमले.

बंधूंनो, हा हिशेब सोपा नाही. आपली जमीन कशाची आहे हे ओळखून पीक घेणारा शेतकरी कमी, आणि शेजाऱ्याने घेतले म्हणून घेणारा जास्त. बरड जमिनीत कन्हारातले पीक लावले तर काय होते हे तुम्हाला मी सांगायला नको. या माणसाने आपली जमीन ओळखली.

१९३१ पासून १९६३ पर्यंत टेक्सास विद्यापीठाच्या गोल्फ संघाला त्यांनी शिकवले. या तेहतीस वर्षांत त्यांच्या पोरांनी तिथल्या विद्यापीठांच्या गटाचे अजिंक्यपद एकवीस वेळा आणले.

एक गोळी सांगितली तर एकच घ्यायची

त्यांच्या शिकवण्यातली पहिली गोष्ट आम्हा खात्याच्या माणसांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. ते शिष्याला एका वेळी फार थोडे सांगत, आणि बजावत की मी अ‍ॅस्पिरिनची एक गोळी घ्यायला सांगितली तर आख्खी बाटली रिकामी करू नका. काठीची पकड जरा उजवीकडे सरकव म्हटले, तर उत्साही माणूस दुप्पट सरकवतो आणि मग चेंडू दुसऱ्याच बाजूला जातो. ही माणसाची खोडच आहे.

आता आपल्या बांधीत या. धानाला नत्र लागते हे खरे. ते हप्त्याने द्यायचे, काही रोवणीच्या वेळी, काही फुटवे येताना, काही लोंबी पोटरीत येण्याच्या सुमारास. पण एका पोत्याने धान हिरवेगार झाले म्हणून आपण दुसरे पोते फोडतो. धान काळेभोर दिसते, आठ दिवस गावात कौतुक होते. मग पान लुसलुशीत होते, करपा शिरतो, तुडतुडे बुडाशी बसतात आणि एका वाऱ्यात बांधी आडवी होते. फवारणीचेही तसेच. एक औषध सांगितले की दुकानात दोन आणखी मिसळून घ्यायची. यात मित्रकिडी आधी मरतात आणि तुडतुडे उरतात. औषध चांगले होते, गोळीही चांगली होती. बाटली रिकामी केली तिथे चुकले.

दुसरी गोष्ट, ते सहसा ‘असे करू नको’ म्हणत नसत, ‘असे करून बघू’ म्हणत. नकार सांगितला की शिष्याच्या डोक्यात तीच चूक घर करून बसते, असा त्यांचा अनुभव. आमच्या सभांमध्ये किती वेळा ‘करू नका’ येते ते मोजून पाहा. तुडतुड्यांसाठी ‘दाट रोवू नका’ सांगण्यापेक्षा ‘दर दहा ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा, म्हणजे हवा आणि ऊन बुडाशी जाईल, फवारणीलाही वाट मिळेल’ असे सांगितले की रोवणीच्या बाईलाही ते एका झटक्यात समजते.

तिसरी गोष्ट, अवघड शब्द वर्ज्य. फटका मारताना शरीर कसे फिरावे याच्यावर लोकांनी जाड जाड पुस्तके लिहिली आहेत. पेनिक शिष्याच्या हातात गवत छाटायचे लांब दांड्याचे अवजार द्यायचे आणि म्हणायचे, हे फिरव. गवत छाटताना हात आपोआप जसा जातो, तसाच काठीचा फटका जायला हवा. शास्त्र तेच, पण हाताला कळेल अशा रूपात. पाण्याने भरलेली बादली दोन्ही हातांनी झुलवायला लावूनही ते हेच शिकवत. विळा आणि बादली ज्याच्या घरात आहे त्याला ही पद्धत परकी वाटू नये.

चौथी, शेवटापासून सुरुवात. नव्या पोराला ते भोकाच्या अगदी जवळ उभे करत. आधी दोन हातांवरून चेंडू घाल, मग चार, मग दहा, आणि लांबचा फटका सर्वांत शेवटी. यश आधी चाखले की शिकायची गोडी लागते. एकदम पाच एकरांवर नवी पद्धत लादण्यापेक्षा घराजवळच्या एका बांधीत ती करून दाखवली तर शेतकरी आपणहून पुढे येतो. आमची प्रात्यक्षिके याचसाठी असतात, निदान असायला हवीत.

दोन पोरे, दोन रीती

ऑस्टिनमध्ये त्यांच्याकडे दोन पोरे एकाच काळात शिकली. एक टॉम काईट, दुसरा बेन क्रेनशॉ. काईट कष्टाळू, सांगाल तेवढा सराव करणारा. क्रेनशॉच्या हातातच देवाने खेळ घातलेला. पेनिक काईटला सरावाला पाठवायचे आणि क्रेनशॉला खेळायला. एकाला शिकवताना दुसऱ्याला बघू देत नसत. कारण एकाचे औषध दुसऱ्याने उचलले तर दोघांचे नुकसान.

१९७२ साली देशभरातल्या महाविद्यालयांच्या स्पर्धेत हे दोघे बरोबरीने पहिले आले. पुढे काईटने १९९२ ची अमेरिकन ओपन जिंकली. क्रेनशॉने १९८४ साली मास्टर्स ही तितकीच मानाची स्पर्धा जिंकली.

इथे ग्रामसेवक, कृषी सहायक आणि पंचायतीच्या मंडळींनी एक विचार करावा. एकाच गावात कन्हार आहे, मोरांड आहे, सिहार आहे, बरड आहे. एकाला तलावाचे पाणी, एकाला कालव्याचे, एकाला आभाळाचे. पण वरून येते ती शिफारस सगळ्यांना एकच आणि आम्हीही ती एकाच आवाजात वाचून दाखवतो. माती परीक्षणाचा कागद शेतकऱ्याच्या हातात असतो, पण तो बघून खत सांगणारा माणूस समोर नसेल तर तो कागद देवघरात राहतो.

आपल्यापेक्षा मोठा गुरू दाखवणारा गुरू

पेनिक यांच्याकडे मुलीही शिकल्या, आणि तो काळ असा की मुलींना हा खेळ व्यवसाय म्हणून करता येतो हेच अनेकांना पटत नव्हते. बेट्सी रॉल्स ही टेक्सास विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेली मुलगी. सतराव्या वर्षी तिने काठी हातात घेतली, म्हणजे उशिराच. तिने पुढे अमेरिकन महिला ओपन चार वेळा जिंकली.

कॅथी व्हिटवर्थची गोष्ट त्याहून सांगण्यासारखी. ती न्यू मेक्सिको राज्यातल्या जॅल नावाच्या लहानशा गावची. तिथल्या क्लबचे गुरुजी हार्डी लाउडरमिल्क. पोरगी हुशार निघाली तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की मला येते ते मी शिकवले, पुढचे ऑस्टिनच्या पेनिकांकडे मिळेल. सहाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. आईने तिला गाडीत घालून तिथे न्यायला सुरुवात केली. त्या मुलीने अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धांत अठ्ठ्याऐंशी विजय मिळवले. तिच्याइतके विजय तिथे कोणा पुरुषालाही मिळालेले नाहीत.

लाउडरमिल्क यांचे नाव फार कोणाला माहीत नाही, पण माझ्या दृष्टीने या गोष्टीतला तोही मोठा माणूस. शेतकऱ्याने असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर आपल्याकडे नाही, तर गोलमोल सांगून वेळ मारून नेऊ नये. साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे तज्ज्ञ आहेत. चला, तुमचे रोगट झाड पिशवीत घेऊन आपण दोघे जाऊ, असे म्हणण्याने अधिकाऱ्याचा मान कमी होत नाही.

वही उघडली

आता मूळ मुद्दा. पेनिक यांच्याजवळ एक लाल पुठ्ठ्याची साधी वही होती, शाळेची पोरे वापरतात तसली. शिकवताना जे ध्यानात येई ते त्यात टिपून ठेवत. कोणता उपाय कोणाला लागू पडला, कोणता नाही, एखाद्या मोठ्या खेळाडूकडून काय उमगले. हे टिपण त्यांनी साठ वर्षांहून अधिक काळ केले. वही पेटीत बंद असायची. मुलाशिवाय कोणाला दाखवायची नाही, आपल्यामागे ती मुलाला द्यायची, असा बेत.

वय वाढले. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने शरीर वाकले. सोबत परिचारिका घेऊन ते छोट्या गाडीत बसून मैदानावर येत. १९९१ साली, वयाच्या सत्त्याऐंशीच्या घरात, त्यांच्या मनाने घेतले की जे आपल्याला लोकांकडून मिळाले ते आपल्याबरोबर जाळून टाकणे बरोबर नाही. त्यांनी बड श्रेक या ऑस्टिनच्याच लेखकाला क्लबवर बोलावले, वही त्याच्या हातात दिली आणि विचारले, हे पुस्तक करायला मदत करतोस का?

पुढचा किस्सा गमतीचा आहे आणि डोळ्यांत पाणी आणणाराही. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने पुस्तकासाठी नव्वद हजार डॉलर ठरवले. श्रेकने ते कळवले. दुसऱ्या दिवशी म्हातारा काळजीत. म्हणाला, माझ्या दवाखान्याचाच खर्च एवढा आहे, इतके पैसे मी कुठून उभे करू? त्याला वाटले की पुस्तक छापायला पैसे आपण द्यायचे! हे पैसे तुम्हाला मिळणार आहेत, असे श्रेकला समजावून सांगावे लागले. आपल्या ज्ञानाला किंमत आहे हे त्या माणसाला शेवटपर्यंत ठाऊक नव्हते.

पुस्तक १९९२ साली निघाले. नाव साधेच, लहान लाल वही अशा अर्थाचे. त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. गोल्फवरच्या पुस्तकांत एवढे खपलेले दुसरे नाही.

पंधरावी काठी

मार्च १९९५ च्या अखेरीस क्रेनशॉ गुरुजींना भेटायला आला. गुरुजी अंथरुणाला खिळलेले. क्रेनशॉ त्रेचाळीस वर्षांचा, खेळ बिघडलेला. म्हाताऱ्याने त्याला काठी घेऊन जवळच्या फटक्याचा हात करून दाखवायला लावले आणि पडल्या पडल्या शेवटचा धडा दिला. धडा काही मोठा नव्हता. जे आधीपासून येते त्यावर विश्वास ठेव, एवढाच त्याचा अर्थ.

२ एप्रिल १९९५ रोजी पेनिक वारले. वय नव्वद. ५ तारखेला अंत्यविधी होता आणि ६ तारखेला मास्टर्स सुरू व्हायची. क्रेनशॉ आणि काईट दोघेही स्पर्धेचे गाव सोडून विमानाने ऑस्टिनला आले, गुरूला खांदा दिला आणि परत गेले. ९ एप्रिलला क्रेनशॉने ती स्पर्धा जिंकली. शेवटचा चेंडू भोकात गेला तेव्हा तो वाकून रडला. एका फटक्याने जो मागे राहिला तो डेव्हिस लव्ह. त्याचे वडीलही पेनिक यांचेच विद्यार्थी! पिशवीत काठ्या चौदा असतात, पण माझ्याजवळ पंधरावी होती, ती म्हणजे हार्वे, अशा अर्थाचे क्रेनशॉ तेव्हा बोलला. २००२ साली जागतिक गोल्फच्या मानकऱ्यांच्या दालनात पेनिक यांचे नाव लागले. स्वतः मोठी स्पर्धा न जिंकता ते तिथे पोचले, शिष्यांच्या खांद्यावरून.

आपल्या वह्या कुठे आहेत?

हे सगळे तुम्हाला सांगण्याचे कारण आता सांगतो. आपल्या चौरासात अशा वह्या घरोघरी आहेत, फक्त त्या कागदावर नाहीत, डोक्यात आहेत. कोणत्या बांधीत आवत्या टाकावा आणि कोणत्या बांधीत रोवणीच करावी. कोणते जुने धान उशिरा पाऊस आला तरी हाती लागायचे. धान उभे असतानाच ओलीवर लाखोळी कधी फेकावी. मामा तलावाचे पाणी कोणत्या पाटाने आधी सोडायचे, म्हणजे शेवटच्या बांधीपर्यंत भांडण न होता पोचते. बोडीची पाळ कुठून झिरपते. हे जाणणारी माणसे ऐंशीच्या घरात आली आहेत. दर पावसाळ्यात त्यांतली काही कमी होतात. त्यांच्याबरोबर जे जाते ते कोणत्याही विद्यापीठात परत विकत मिळत नाही.

गोसीखुर्दच्या पाण्याने या भागाची शेती बदलते आहे. हार्वेस्टर आले, नवी बियाणी आली. बदलाला विरोध नाही, मी स्वतः तो सांगत फिरतो. पण नव्याला पाय ठेवायला जुन्याची पाळ लागते. पाटाची जुनी वाट माहीत नसताना नवा पाइप टाकला, की पाणी कुठे साचेल हे पहिल्या पावसात कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

तेव्हा दोन कामे करा. घरातल्या पोराला किंवा पोरीला शंभर पानांची एक वही घेऊन द्या. आठवड्यातून एक संध्याकाळ आजोबांजवळ, आजीजवळ बसून ते सांगतील ते लिहायला लावा. आजीला विसरू नका, बियाणे राखेत घालून कोणी ठेवले ते तिलाच माहीत असते. आजोबा म्हणतील, यात काय लिहायचे, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. नव्वद हजार डॉलर आपणच भरायचे आहेत असे त्या म्हाताऱ्यालाही वाटले होते.

दुसरे काम ग्रामपंचायतीचे. ग्रामसभेत अर्धा तास तलाव, पाट आणि बोड्यांच्या माहितीसाठी ठेवा. जुनी माणसे बोलतील, ग्रामसेवकाने नोंद करावी, तलाठी आणि कृषी सहायकाने शिवारात फिरून ती नकाशावर उतरवावी. खर्च वहीचा आणि चहाचा. रोवणी आटोपली की वेळ असतो. येत्या पोळ्यापर्यंत एका गावाची एक वही भरली, तरी पुष्कळ झाले. आणि ती पेटीत ठेवू नका. पंचायतीच्या टेबलावर, कोणालाही उघडून बघता येईल अशी ठेवा.